म्हाताऱ्यांसाठी दारोदार

1839 सालच्या हिवाळ्यात फ्रान्सच्या वायव्य किनाऱ्यावरच्या सँ-सेर्वां या बंदरगावात एका मोलकरणीनं एक म्हातारी घरी आणली. म्हातारीचं नाव आन शोव्हां. ती आंधळी होती, अंगावरून वारं गेलेलं होतं आणि तिला बघणारं कुणी उरलं नव्हतं. मोलकरणीनं आपला पलंग तिला दिला आणि स्वतःचं अंथरूण माळ्यावर नेलं. या मोलकरणीचं नाव झान झ्युगां. वय सत्तेचाळीस. शिक्षण जेमतेम, नवरा नाही, मुलं नाहीत, गाठीशी थोडी शिल्लक. त्या एका पलंगापासून जे काम सुरू झालं, त्यातून तिच्या मृत्यूपर्यंत वृद्धांची 177 घरं उभी राहिली. त्यांतलं एकही घर ती मेली तेव्हा तिच्या नावावर नव्हतं. संस्थेच्या अधिकृत इतिहासातही तिला संस्थापक म्हटलेलं नव्हतं.

वृद्धाश्रम कोण चालवतं, त्याचा खर्च कुठून येतो आणि श्रेय कुणाच्या वाट्याला जातं, हे तीन प्रश्न झानच्या आयुष्यात एकत्र येतात. आज महाराष्ट्राच्या तालुक्यांत पंचवीस-तीस म्हाताऱ्यांचं घर चालवणाऱ्या माणसांपुढेही हेच तीन प्रश्न आहेत. म्हणून पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या या फ्रेंच बाईची हकिगत मुळापासून सांगायला हवी.

झानचा जन्म 25 ऑक्टोबर 1792 चा, ब्रिटनी प्रांतातल्या कांकाल या कोळ्यांच्या गावातला. या किनाऱ्यावरचे पुरुष मासेमारीसाठी अटलांटिक ओलांडून थेट न्यूफाउंडलंडपर्यंत जात आणि त्यांतले कित्येक परतच येत नसत. झान जेमतेम चार वर्षांची असताना तिचे वडीलही समुद्रावर गेले ते आले नाहीत. आईनं मोलमजुरी करून मुलं वाढवली. झान लहानपणी गुरं राखायची, विणकाम करायची. सोळाव्या वर्षी ती जवळच्या एका सरदार घराण्याच्या वाड्यात स्वयंपाकघरातल्या कामाला लागली. वाड्याची मालकीण गोरगरिबांच्या घरी जायची तेव्हा झानलाही बरोबर न्यायची. गरिबाच्या घरात त्याचा मान राखून कसं वागायचं, हे ती तिथे शिकली असावी. पुढे लग्नाची मागणी आली, ती तिनं नाकारली.

1817 मध्ये ती सँ-सेर्वांला आली आणि तिथल्या ल रोझे रुग्णालयात सहा वर्षं राबली. त्या कामात तब्येत ढासळली, तेव्हा ते सोडून तिनं ल्कोक नावाच्या एका वयस्क बाईंकडे नोकरी धरली. मालकीण आणि नोकर असं त्यांचं नातं हळूहळू मैत्रिणींचं झालं. बारा वर्षांनी, 1835 मध्ये, ल्कोकबाई वारल्या. मग झाननं फ्रांस्वाज ओबेर या म्हाताऱ्या मैत्रिणीबरोबर बिऱ्हाड केलं. व्हिर्जिनी त्रेदानियेल ही सतरा वर्षांची अनाथ मुलगीही त्यांच्यात आली. तिघी कष्टाच्या कमाईवर जगत होत्या. आन शोव्हांला आणलं ते याच बिऱ्हाडात.

त्या काळच्या सँ-सेर्वांत निराधार म्हाताऱ्यांसाठी एकही आश्रयस्थान नव्हतं. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चच्या मिळकती सरकारजमा झाल्या आणि त्यांच्यावर चालणारी जुनी धर्मादाय व्यवस्था मोडली. तिच्या जागी नवी व्यवस्था सगळीकडे उभी राहिली नव्हती. समुद्रानं ज्यांचे नवरे नेले अशा बायका गावात पुष्कळ होत्या. हातपाय चालत होते तोवर त्यांनी कामं केली. हातपाय थकल्यावर त्यांच्यापुढे भीक मागण्याशिवाय दुसरा मार्ग राहिला नाही.

आनच्या पाठोपाठ इझाबेल केरू ही म्हातारी आली. ती आयुष्यभर एका घरात नोकर होती. मालकांचे दिवस फिरले तेव्हा तिनं पगार सोडला, स्वतःची शिल्लक त्यांच्यावर खर्च केली आणि शेवटी त्यांच्यासाठी भीकही मागितली. मालक गेले आणि ती एकटी उरली. झाननं तिला घरात घेतलं. 1841 मध्ये जागा अपुरी पडू लागली, तेव्हा झान आणि तिच्या सोबतिणींनी पूर्वी खानावळ असलेली तळमजल्यावरची एक मोठी खोली भाड्यानं घेतली आणि तिथे बारा म्हाताऱ्या राहू लागल्या. पुढच्याच वर्षी कर्ज काढून त्यांनी एक जुना मठ विकत घेतला. 'क्रॉसचं घर' या नावानं तो ओळखला जाऊ लागला.

बारा माणसांना दोन वेळा जेवू घालायचं म्हणजे सूत कातून किंवा धुणीभांडी करून मिळणारे पैसे पुरणार नव्हते. इथे झाननं जे केलं, त्यानं पुढच्या सगळ्या इतिहासाला वळण दिलं. आश्रमात आलेल्या बहुतेक म्हाताऱ्या आधी भीक मागून जगत होत्या. प्रत्येकीची ठरलेली घरं होती. अमुक घरी पाव मिळतो, तमुक घरी आठवड्याला एक नाणं मिळतं, असा त्यांचा हिशेब होता. झाननं त्यांच्याकडून ती घरं विचारून घेतली आणि टोपली घेऊन त्या दारांशी स्वतः गेली. तिचं सांगणं एवढंच होतं: आजवर जी बाई तुमच्याकडे येत होती ती आता येणार नाही, तिच्याऐवजी मी येईन, तुम्ही तिला जे देत होतात ते मला द्या.

या एका फेरबदलानं दोन गोष्टी साधल्या. थंडीपावसात फिरणाऱ्या म्हातारीची वणवण संपली. आणि देणाऱ्याचं देणंही थांबलं नाही, उलट त्याला कळलं की आपण दिलेला पाव कुणाच्या पानात पडतो. शिळा पाव, जुने कपडे, उरलेलं अन्न, चुलीसाठी लाकूड असं जे मिळेल ते टोपलीत पडे. हे काम झानला सोपं गेलं नाही. आयुष्यभर कष्टाची भाकरी खाल्लेल्या मानी बाईला दुसऱ्यापुढे हात पसरायला फार जड गेलं, हे तिच्या सोबतिणींनी पुढे नमूद केलं आहे. तिची एक आठवण संस्थेत अजून सांगतात. एका गृहस्थानं काल दिलं होतं, तरी ती आज पुन्हा दारात आल्याचं पाहून तो चिडला. ती शांतपणे म्हणाली की माझ्या माणसांना काल भूक होती, आज आहे आणि उद्याही लागणार आहे. असं सांगतात की त्या दिवसापासून तो नेमानं देऊ लागला.

1844 च्या हिवाळ्यात गावातल्या प्रतिष्ठित लोकांनी तिच्या कामाचा तपशीलवार अर्ज पॅरिसच्या फ्रेंच अकादमीकडे पाठवला. सामान्य स्थितीतल्या माणसाच्या सत्कृत्यासाठी अकादमी मोंतियों पारितोषिक देत असे. 11 डिसेंबर 1845 रोजी झान झ्युगांला हे पारितोषिक जाहीर झालं. रक्कम होती 3000 फ्रँक. द्युपां या नामांकित कायदेपंडितानं तिच्यावर भाषण केलं. तेव्हा घरात पासष्टच्या आसपास वृद्ध राहत होते. ते भाषण छापलं गेलं आणि झान नव्या गावी मागायला जाताना त्याची प्रत सोबत नेऊ लागली. अनोळखी दारात स्वतःची ओळख पटवण्यासाठी तो कागद कामी आला. रेन, दिनां, तूर, आंझे अशी एकेका शहरात घरं उभी राहिली. 1849 मध्ये पॅरिसला घर झालं. त्याच सुमाराला लोकांनी या बायकांना 'गरिबांच्या धाकट्या बहिणी' म्हणायला सुरुवात केली आणि संस्थेचं नावही तेच झालं. 1851 मध्ये त्या लंडनला पोहोचल्या.

पण ज्या बाईच्या नावानं पॅरिसमध्ये भाषण झालं, तिच्या हातून संस्थेचा कारभार त्याआधी दोन वर्षं गेला होता.

सँ-सेर्वांच्या चर्चमधले तरुण धर्मगुरू ओग्युस्त ल पायर सुरुवातीपासून या कामात होते. त्यांची मदत खरी होती. चर्चची मान्यता, नियमांची आखणी, पत्रव्यवहार या गोष्टी त्यांच्यामुळे मार्गी लागल्या. बायकांनी झानला आपली प्रमुख निवडलं होतं आणि 8 डिसेंबर 1843 रोजी पुन्हा एकमतानं निवडलं. 23 डिसेंबरला ल पायर यांनी ती निवड रद्द केली आणि मारी जामे या तेवीस वर्षांच्या मुलीला प्रमुख नेमलं. एकावन्न वर्षांच्या झानकडे उरलं फक्त मागण्याचं काम. तिनं भांडण केलं नाही. टोपली उचलली आणि पुढची नऊ वर्षं ब्रिटनी आणि फ्रान्सभर फिरत राहिली. एखाद्या घरावर कर्ज झालं, एखाद्या ठिकाणी धान्य संपलं, की झानला बोलावणं जाई.

1852 मध्ये रेनच्या बिशपनं संस्थेला मान्यता दिली आणि ल पायर तिचे सर्वाधिकारी झाले. त्याच वर्षी त्यांनी झानला मुख्य घरी बोलावून घेतलं आणि दात्यांशी संबंध ठेवायला मनाई केली. 1856 पासून ती सँ-पेर्न या खेड्यातल्या 'ला तूर सँ-झोझेफ' या वसाहतीत राहिली. तिथे संस्थेत नव्यानं येणाऱ्या मुलींचं शिक्षण होत असे. त्या मुली तिला सिस्टर मेरी ऑफ द क्रॉस म्हणून ओळखत. ही म्हातारी बाई संस्थेची पहिली बाई आहे, हे त्यांतल्या बहुतेकींना माहीत नव्हतं. त्यांना जो इतिहास सांगितला जाई, त्यात सुरुवात ल पायर, मारी जामे आणि व्हिर्जिनी यांनी केली होती आणि झान मागाहून आलेली होती. 1852 पासून मृत्यूपर्यंत झानची अशी सत्तावीस वर्षं गेली.

या सत्तावीस वर्षांत एकदाच तिचं मत विचारलं गेलं. 1865 मध्ये संस्थेपुढे मोठा प्रश्न आला. व्याजाचं किंवा भाड्याचं कायम उत्पन्न देणाऱ्या देणग्या स्वीकारायच्या का? व्यवहाराच्या दृष्टीनं उत्तर सोपं होतं. शेकडो म्हाताऱ्यांच्या रोजच्या जेवणाला पक्का आधार मिळाला असता. विचारविनिमयाच्या बैठकीला झानला बोलावलं गेलं. आपण अडाणी आहोत, आपल्याला काय कळतं, असं म्हणून तिनं आधी मागे राहायचा प्रयत्न केला. आग्रह झाल्यावर तिनं सांगितलं की कायम उत्पन्न घेऊ नये, रोज दारात जाऊन मागावं. तसंच ठरलं. 19 जून 1865 च्या त्या निर्णयाच्या पत्रावर इतरांबरोबर झानची सही आहे. कुठलंही पद नसलेल्या बाईची सही त्यावर घ्यावीशी वाटली, यावरून तिचं वजन आतल्या लोकांना ठाऊक होतं हे उघड आहे.

29 ऑगस्ट 1879 रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, झान गेली. तेव्हा संस्थेत सुमारे 2400 बहिणी होत्या. त्यानंतर अकरा वर्षांनी रोमनं चौकशी करून ल पायर यांना पदावरून दूर केलं. सुरुवातीचा खरा इतिहास 1902 मध्ये प्रसिद्ध झाला. तो सिद्ध करायला अकादमीच्या 1845 च्या कागदांचा आधार होता. त्यांत घराची संस्थापक म्हणून एकाच बाईचं नाव होतं, आणि ते छापील होतं. 1982 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला 'धन्य' घोषित केलं आणि 11 ऑक्टोबर 2009 रोजी तिला संतपद मिळालं.

भारतात या बहिणी 1882 मध्ये कोलकात्याला आल्या. पुढे बंगळुरू, सिकंदराबाद, मुंबई अशा शहरांत त्यांची घरं झाली. मुंबईतलं घर अंधेरीला महाकाली लेण्यांच्या रस्त्यावर आहे. साठीच्या पुढचा निराधार माणूस, मग तो कुठल्याही धर्माचा असो, या घरांत राहू शकतो. 1948 च्या डिसेंबरात पाटण्याहून वैद्यकीय प्रशिक्षण घेऊन परतलेली एक नन कोलकात्याच्या या घरात उतरली होती. काही दिवस तिनं तिथल्या वृद्धांची सेवा केली आणि तिथूनच मोतीझीलच्या वस्तीत जाऊन स्वतःचं काम सुरू केलं. जग तिला मदर तेरेसा म्हणून ओळखतं.

दारोदार मागून संस्था चालवण्याची रीत महाराष्ट्रालाही परकी नव्हती. देवरुखच्या पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षी विधवा झाल्या आणि पुढे महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेसाठी वर्गणी गोळा करत गावोगाव फिरल्या. 1918 मध्ये त्या इंग्रजी धड येत नसताना अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिल्या. संस्था कर्व्यांच्या नावानं ओळखली गेली, पण तिच्या तिजोरीत पार्वतीबाईंच्या पायपिटीचा मोठा वाटा होता. त्यांनी स्वतःची हकिगत लिहून ठेवली, म्हणून तो आज आपल्याला ठाऊक आहे. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा बांधल्या, आंधळ्या-पांगळ्यांना अन्न दिलं आणि एकाही वास्तूवर आपल्या कुटुंबाचा हक्क ठेवला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या हाती सोपवली.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं या कामात हात घातला, पण घरं चालवण्याचा भार बहुतांशी स्वयंसेवी संस्थांवरच राहिला. 1995 मध्ये युती सरकारनं 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना आणली, तीही संस्थांमार्फतच. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठी केंद्रानं 2007 मध्ये कायदा केला. त्याच्या एकोणिसाव्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम आणि त्यात किमान 150 निराधार वृद्धांची सोय यांचा उल्लेख आहे. मात्र राज्य सरकार असे वृद्धाश्रम 'स्थापन करू शकेल', अशी त्या कलमाची भाषा आहे, 'करील' अशी नाही. 2011 च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढचे सुमारे 10 कोटी 40 लाख लोक नोंदले गेले आणि त्यांतले दहापैकी सात खेड्यांत राहणारे होते. जिल्ह्याच्या गावी एक वृद्धाश्रम झाला, तरी तालुक्याच्या टोकाच्या गावातल्या म्हातारीपर्यंत तो पोहोचत नाही. ती जागा छोटी घरंच भरून काढतात.

अशी घरं बहुधा एखादं जोडपं, निवृत्त शिक्षक, परिचारिका किंवा एखादा शेतकरी चालवत असतो. त्याच्या कामाची यादी झानपेक्षा लांब आहे. धर्मादाय आयुक्तांकडे न्यासाची नोंदणी, दरवर्षीचे तपासलेले हिशेब, देणगीदाराला आयकरात सूट मिळावी म्हणून 80 जीचं प्रमाणपत्र. रस्त्यावर सापडलेल्या म्हाताऱ्याचं आधार कार्ड काढायचं, कारण त्याशिवाय श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळत नाहीत. रात्री कुणाच्या छातीत दुखू लागलं तर गाडी शोधायची. कुणी गेलं तर मुलांना कळवायचं, आणि मुलं आली नाहीत तर अग्नीही आपणच द्यायचा.

आणि मागायला जायचं. टोपलीच्या जागी आता पावतीपुस्तक आणि फोनवरचा क्यूआर कोड आला आहे, पण दार तेच आहे. पितृपक्षात आणि दिवाळीत अन्नदानासाठी तारखा मिळत नाहीत. वाढदिवसाला लोक गोडाधोडाचं जेवण घेऊन येतात आणि म्हाताऱ्यांसोबत फोटो काढतात. जेवण चालतं, ते हवंही असतं. पण लंगोट, औषधं, विजेचं बिल, रात्रपाळीच्या मावशींचा पगार यांना तिथी नसते. पावसाळ्याच्या मधल्या महिन्यांत दात्यांची वर्दळ आटते, तेव्हा आश्रम चालवणारा माणूस वाण्याकडच्या उधारीवर दिवस काढतो. कायम उत्पन्न नको, हा झानचा निर्णय प्रत्येक संस्थेला लागू पडणार नाही, आणि आजच्या औषधांच्या किमती पाहता तसा आग्रह धरणं चूक ठरेल. मात्र त्या निर्णयामागची गोष्ट आजही खरी आहे. आश्रमाचा प्रमुख लोकांच्या दारात जात राहिला, तरच आपल्या तालुक्यात असे म्हातारे आहेत हे लोकांना कळत राहतं.

झानला विस्मृतीतून बाहेर काढलं ते एका जुन्या कागदानं. आपल्याकडच्या शेकडो छोट्या वृद्धाश्रमांपाशी असा कागदही नाही. जागा कुणी दिली, पहिली म्हातारी कोण आली, पहिलं धान्य कुणाच्या घरून आलं, सुरुवातीची वर्षं स्वयंपाक कुणी केला, हे फक्त चालवणाऱ्यांच्या आठवणीत आहे, आणि ती माणसंही आता सत्तरीला पोहोचली आहेत. वाचकांना विनंती आहे ती दोन गोष्टींची. जवळच्या वृद्धाश्रमाला वर्षातून एकदा जेवण देत असाल तर ते जरूर द्या, त्याशिवाय पावसाळ्यातल्या एका महिन्याच्या औषधांचं बिल उचला. आणि जाल तेव्हा वही घेऊन जा. चालवणाऱ्या बाईंना आणि त्यांच्या सोबत राबणाऱ्या मावशींना सुरुवातीपासूनची हकिगत विचारा, ती तारखा आणि नावांसकट लिहून काढा आणि एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात ठेवा.